नावाच्या आधी फोन ठेवणारा

ज्या माणसावर मी डूख धरून आहे, त्याचं तोंड मी कधी बघितलेलं नाही. उंच का बुटका, काळा का गोरा, काही ठाऊक नाही. आवाज तेवढा माहीत आहे. बोलायच्या आधी तो नाकातून थोडं हसतो, मग शब्द काढतो. जत्रेच्या गोंगाटात माझ्या पाठीमागं जरी तो हसला, तरी मान न वळवता मी सांगीन, हाच तो.

लोक म्हणतात, अज्जा, सोडा आता, बायको गेली, वय झालं, देवाचं नाव घ्या. देवाचं नाव मी घेतोच. देवानं कधी माझ्या बायकोला हसून फोन ठेवला नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं पुढं बांबूच्या डेपोत मुकादमाच्या शेजारी बसून गिरवली. तेव्हा ह्यात काना-मात्रा चुकली असेल तर छापणाऱ्यानं नीट करून घ्यावी. राग मात्र आहे तसाच ठेवावा, त्याला हात लावू नये. कुणाचं नाव मी ह्यात लिहिणार नाही. त्याचं तर नाहीच. रेडिओवर बोलणाऱ्यांना नावाचीच भूक असते. ती मी का भागवू?

आमची वाडी नंदिगड्ड्याच्या पुढं, रानात. घाटाखालचं एक स्टेशन आमच्याकडं लागतं, पण सरळ लागत नाही. परसातल्या फणसाच्या शेंड्याला तांब्याची तार बांधून ती खिडकीतून आत आणली, रेडिओच्या दांडीला गुंडाळली, तेव्हा कुठं आवाज साफ झाला. तार बांधायला मला बायकोनंच झाडावर चढवलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते म्हणून चढलो. पुढं दहा वर्षांनी सांगितलं असतं तर चढलो नसतो.

त्या स्टेशनवर रविवारी सकाळी दहा गाण्यांचा कार्यक्रम असतो. ऐकणाऱ्यांनी आपल्या आवडीचं गाणं कळवायचं, ज्याला जास्त मतं ते वर. दहाव्या नंबरापासून सुरू करून पहिल्यापर्यंत यायचं. जुनी गाणी, नवी गाणी, सगळी एकाच रांगेत उभी. दहाव्या नंबराला माझी बायको पीठ मळायला घ्यायची आणि पहिल्या नंबराला हात धुऊन उंबऱ्यात बसायची. मी बाहेरून येऊन विचारायचो, "झालं का न्हाई जेवण?" आतून उत्तर यायचं, "अजून चारावर हाय." म्हणजे अजून थोडा वेळ आहे, गप बस.

गाणी फिरून फिरून तीच यायची, बोलणारी माणसं मात्र बदलत गेली. सगळ्यात आधी एक पोक्त गृहस्थ होते. ते "नमस्कार" असं म्हणायचे की जणू पायतण दारात काढून आत आलेत. बायको डोक्यावर पदर घ्यायची. मी हसायचो. "अगं, त्याला काय दिसतंय?" "दिसत न्हाई म्हणून उघड्या डोक्यानं बसू?" त्यांच्यामागून एक बाई आली. तिला सदा सर्दी. बायकोनं एकदा मला कार्डावर लिहायला लावलं, की ताई, मिरी आणि आलं उकळून घ्या, गूळ घाला, साखर नको. पुढच्या रविवारी त्या बाईनं ते कार्ड वाचलं आणि म्हणाली, घेतलं हो, बरं वाटतंय. आठवडाभर आमच्या घरात त्याचाच डंका. मग मधे एक पुरुष आणि एक बाई असे दोघं मिळून बोलायला लागले. ते आपसातच बोलायचे, आपसातच हसायचे. "आपल्याला बोलवायचं आणि आपण आपसात बोलत बसायचं," बायको म्हणायची, "ही कसली रीत?" पण ऐकायची सोडली नाही.

कार्ड मी लिहायचो. तिला अक्षर येत नव्हतं. गाणं दरवेळी एकच. सासरी नांदणाऱ्या बाईला माहेरची वाट आठवते, असलं एक जुनं गाणं. तिचं माहेर खानापूरकडचं, आता नीट डांबरी रस्ता झालाय, बस जाते, तरी तिला ते गाणंच पाहिजे. ते कधी सातावर यायचं, कधी चारावर, एकदा दोनावर येऊन परत घसरलं. पहिलं कधी झालं नाही.

गाण्याच्या खाली नावं. आमच्याकडं फर्माईश एकट्याची नसते. दीर, जावा, शेजारीपाजारी, तिचे भाऊ, भावजया, सगळ्यांची नावं जायला पाहिजेत. गेलेल्या सासूचंसुद्धा. मी म्हटलं, "मेलेल्या माणसाचं नाव कशाला? तिला ऐकू येणाराय का?" तर म्हणाली, "न्हाई येत म्हणून तुमाला कोण सांगून गेलं?" लिहिलं.

सगळी नावं झाली की ती म्हणायची, "आणि शेवटचं घाला."

"कुणाचं?"

"घाला म्हणते तर."

"अगं पण कुणाचं घालू? मुकादमाचं घालू?"

"घाला मुकादमाचं. त्यालाच वाढते मग भाकरी."

शेवटचं नाव माझं. ते ती घेत नव्हती. आमच्या पिढीतली कुठलीच बाई नवऱ्याचं नाव सरळ घेत नाही. घ्यायचंच झालं तर उखाण्यात, ओळीला ओळ जुळवून, आणि त्यातसुद्धा नाव सगळ्यात शेवटी. लग्नाला, बारशाला, हळदीकुंकवाला बाया अडवून बसल्या की तेवढ्यापुरतं. म्हणून कार्डावर माझं नाव मीच लिहायचो आणि ते पोक्त गृहस्थ किंवा सर्दीवाली बाई ते वाचायची. माझं नाव रेडिओतून आलं की बायको चुलीकडं तोंड करून बसायची. ती हसते आहे हे मला पाठीवरून कळायचं.

मग हा आला.

आल्या आल्या त्यानं कार्डं बंद केली. म्हणाला, आता कोण पोस्टात जातंय, फोन करा, गाण्यागाण्याला वेगळा नंबर आहे, त्यावर मिस कॉल द्या, मत नोंदलं जाईल. मधे दोघातिघांना फोनवर घेऊन बोलायचा, त्यांची फर्माईश लावायचा. त्याच्यापाशी एक यंत्र होतं. दाबलं की माणसं खदखदून हसल्याचा आवाज, दुसरं दाबलं की गाडीचा भोंगा. स्वतःच बोलायचा, स्वतःच बटण दाबायचा. बायको म्हणाली, "ह्याला हसायला माणसं मिळत न्हाईत वाटतं." तरी ऐकायची. गाणं दहात आहे तोवर ती कार्यक्रम सोडणारी नव्हती.

आमच्या वाडीत फोन घरोघरी आहेत. पण रेंज धरायची तर वरच्या टेकाडावर जावं लागतं, आणि तिथंही एकाच कंपनीचं सिम चालतं. ते शेजारच्या बाईकडं होतं. ती आम्हाला धाकट्या बहिणीसारखी. तिच्या फोनवरून बायकोनं कितीतरी रविवार प्रयत्न केला आणि एका रविवारी लागला. आठवडाभर आधीपासून ती ओठातल्या ओठात काहीतरी जुळवत होती. भात कांडताना, भांडी घासताना. मी विचारलं तर म्हणाली, "तुमाला काय करायचंय? रविवारी ऐका."

टेकाडाच्या उंचीवर रेडिओला तार लागत नाही, पण फोनशेजारी रेडिओ असला की शिट्टी वाजते, म्हणून मला तिनं रेडिओ घेऊन जरा खाली काजूच्या झाडाखाली उभं केलं. म्हणजे वरून तिचा खरा आवाज यायचा आणि जरा मागाहून तोच आवाज माझ्या हातातल्या रेडिओतून.

"बोला आजी! काय करताय? जेवलात?"

"सकाळी कोण जेवतंय? भाकरी टाकून आलो."

"आलो? आजी, तुम्ही बाईच ना हो?" आणि बटण. खदखद हसू. आमच्याकडं बाया अशाच बोलतात. त्याला ते ठाऊक असणार, तोही काही लंडनचा नव्हता.

बायको डगमगली नाही. गाणं सांगितलं, नावं सांगायला लागली. दीर, जावा, शेजार. तो मधेच म्हणाला, "बापरे, रेशन कार्ड वाचताय का आजी?" परत हसू. तिनं नावं पुरी केली, सासूसकट.

"आणि आजोबा? आजोबांचं नाव राहिलं की!"

वर तिनं पदर सारखा केलेला मला खालून दिसला. मग तिनं मोठ्यानं म्हटलं,

"फणसाच्या झाडाला बांधली तार,
रविवारच्या गाण्याला उघडं दार..."

आणि श्वास घ्यायला थांबली. उखाण्यात तिथं थांबतात. पुढच्या ओळीत नाव येणार असतं, ते सगळ्यांना ऐकू यावं म्हणून थांबतात. कुठल्याही मराठी माणसाला हे कळतं.

"आजी, कविता नको, नाव सांगा नाव! काय झालं? आठवेना? मंडळी, आजींना नवऱ्याचंच नाव आठवेना!" भोंगा वाजला. हसू वाजलं. "आठवलं की फोन करा हां आजी!"

आणि ठेवला. लावलं ते गाणंसुद्धा भलतंच, कसलं तरी दणदणाट करणारं. माझ्या हातात ते वाजत होतं आणि वर ती फोन कानाला धरून म्हणत होती, "हॅलो. हॅलो. हॅलो."

रेडिओ आमच्या एकट्याच्या घरात नाही. सगळा जोयडा तालुका ऐकतो. दुसऱ्या दिवशी गिरणीत तिला एकानं विचारलं, "काय अक्का, आठवलं का नाव?" वडापच्या ट्रॅक्स जीपमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी तसाच भोंगा काढला. जोयड्याला कचेरीत गेलो तर तिथला शिपाई मलाच म्हणाला, "तुमचं नाव काय वो? घरात विचारून आलाय न्हवं?" माझं काम टाकून मी परत फिरलो. एका लग्नात बाया उखाणे घेत होत्या. हिची पाळी आली तर एक पोरगी म्हणाली, "त्यास्नी नको, त्यास्नी आठवत न्हाई." सगळ्या हसल्या. वाईट मनानं हसल्या असं नाही. पण हसल्या. त्या लग्नघराची पायरी मी अजून चढलेलो नाही आणि चढणारही नाही.

तिनं रेडिओतले सेल काढून खिडकीत ठेवले. रविवार आला की भाकऱ्या मुकाट्यानं व्हायच्या.

मी एकदा म्हटलं, "त्या माणसाला मरू दे. मला सांग की पुढचं. काय जुळवलं होतंस?"

"मोडलं ते."

"मोडलं म्हणजे काय? एक ओळ तर राहिलीय."

"मोडलेला उखाणा परत घेत न्हाईत. तुमी जावा, म्हशीला पाणी दाखवा."

मी पुन्हा दोनदा विचारलं. ती उठून जायची. मग तिचं पोट दुखायला लागलं. जोयड्याच्या डॉक्टरनं बेळगावला पाठवलं, बेळगावच्यानं घरी पाठवलं. पोटात गाठ होती, ती आधीपासून होती, असं ते म्हणाले. असेल. मी काही शिकलेला माणूस नाही. पण वर्षानुवर्षं गाठ घेऊन हिंडणारी बाई त्या रविवारपर्यंत हसत होती, एवढं मला माहीत आहे. ह्याच्या पुढचं मला कुणी समजावू नये.

जायच्या आधी एका दुपारी ती बाजेवर पडून होती. शेजारीण तिचे पाय दाबत होती. ती म्हणाली, "त्या रेडिओवाल्याला कुणीतरी सांगा गं. मला ठावं होतं म्हणून."

शेजारीण रडायला लागली. मी रडलो नाही. मी म्हटलं, "मी सांगतो." आणि तेव्हाच ठरवलं. सांगायचं ते त्याच्या कानात जाऊन नाही. जिथं तो हसला तिथं, तेवढ्याच लोकांच्या देखत.

ती गेली. तिचे दिवस झाले आणि पुढच्याच रविवारी मी रेडिओत नवे सेल घातले. वाडीत बोलणं झालं, बायको जाऊन महिना न्हाई आणि म्हातारा गाणी ऐकतोय. ऐकत होतो. जनावराच्या मागावर बसलेला माणूस जसं ऐकतो तसं. आधी वाटलं, सरळ घाट उतरून जावं आणि काठीनं त्याचं ते यंत्र फोडावं, मग त्याला. शेजारणीनं वाट अडवली. "भावोजी, तुमी मारशीला. पोलीस तुमास्नी नेतील. आणि त्यो त्याचीच गंमत करून पुढच्या रविवारी बटण दाबंल."

खरं होतं तिचं. मग दुसरं सुचलं. त्या कार्यक्रमाची एक रीत होती. जे गाणं पहिलं येईल, त्याला ज्या फोनवरून सगळ्यात जास्त रविवार मत आलं असेल, त्या माणसाला तो स्वतः फोन करायचा, बोलायचा, गाणं कुणासाठी ते विचारायचा. म्हणजे तिचं गाणं पहिलं आणलं, तर त्याला मला फोन करावाच लागेल. तो विचारेल, आणि मी सांगेन. मग त्याला कुठलं बटण दाबायचं ते दाबू दे.

आम्ही कामाला लागलो. शेजारणीनं सगळी वाडी टेकाडावर आणली. म्हातारे, बाया, शेळ्या राखणारे, सगळे रोज संध्याकाळी रांग लावून एकेक मिस कॉल द्यायचे. ट्रॅक्समधला तो भोंगा काढणारासुद्धा मान खाली घालून आला. मी त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं. आता गाणं वर जाणार म्हणून आम्ही रविवारी कान लावून बसलो, तर गाणं दहात सुद्धा नाही. त्यानंतरच्या रविवारी नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तो नाकातून हसला आणि म्हणाला, "एक कोणतरी जबरदस्त भक्त आहे मंडळी. एकाच नंबरावरून रोज इतके मिस कॉल! अहो, एका नंबराचं आठवड्याला मत एकच. दमू नका!" बटण.

माणसं सगळी वेगळी, हात वेगळे, पण फोन एक. आम्हाला वाटलं, मत माणसाचं असतं. शेजारीण म्हणाली, "आता गं बाई." आता माझ्या खात्यावर त्याची दोन हसणी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅक्स धरून रामनगरला गेलो. तिथं बेळगाव-गोवा रस्त्यावर ट्रका थांबतात. घाट उतरायच्या आधी ड्रायव्हर चहा पितात, टायर बघतात. प्रत्येकाकडं आपापला फोन, आणि रेंज ठणठणीत. मी हॉटेलाच्या बाकावर बसलो. पहिला ड्रायव्हर भेटला तो तिकडं चंदगड बाजूचा.

"काय इकताय अज्जा?"

"काय इकत न्हाई. एक मिस कॉल मार."

"कुणाला?"

"रेडिओला."

"मला काय मिळंल?"

"काय मिळत न्हाई."

"मग तुमास्नी काय मिळतंय?"

"एका माणसाची मान खाली घालायचीय."

तो खुर्ची ओढून बसला. "सांगा की. असलं ऐकायला मला लई आवडतंय." मी सांगितलं. उखाण्याशी आलो तसा त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "माझी आई बी घेत न्हाई वो नाव. कार्ड काढायला गेलो तर सायेब इचारतोय, नवऱ्याचं नाव? ही आपली गप. मग मला ढोसतीया, सांग की रं तुझ्या बाचं." आणि उठून पलीकडच्या बाकांकडं बघून ओरडला, "ए, हिकडं या रे सगळे! फोन घिऊन या!"

त्यानंतर मला फारसं बोलावंच लागलं नाही. एक ड्रायव्हर दुसऱ्याला सांगायचा. एका कन्नड माणसाला हॉटेलवाल्यानं कन्नडातून सांगितलं, तर त्यानं त्या रेडिओवाल्याला अशी एक शिवी दिली की मला ती लिहून ठेवावीशी वाटली. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, त्यांची गिऱ्हाइकं, टायरवाले. मी आठवड्यातून जमेल तेवढ्या वेळा जाऊन बाकावर बसायचो. पाय सुजले. सुजू देत.

गाणं नवावर आलं. मग सहावर. त्याच्या आवाजात मला फरक कळायला लागला. "हे जुनं गाणं अचानक कुठून वर चाललंय, कळत नाही," म्हणाला. मी रेडिओला म्हटलं, "कळंल." पाऊस मधे आला, तार तुटली, परत बांधली. आता झाडावर मी चढू शकत नाही. शेजारणीचा नवरा चढला. गाणं तीनावर आलं. नंतरच्या रविवारी दोनावर. मी आठवडाभर मनात बोलणं घोळवत होतो. काय बोलायचं, कुठं थांबायचं, तो हसला तर काय म्हणायचं. एवढ्या शिव्या साठवल्या होत्या की कुठली आधी द्यावी, हेच ठरेना.

त्या रविवारी आम्ही टेकाडावर गेलो. शेजारीण, तिचा नवरा, सगळी वाडी. रेडिओ चालू केला. दहावा नंबर.

"नमस्कार. आजपासून दर रविवारी मी तुमच्यासोबत असेन."

पोरीचा आवाज. नवीन. मी रेडिओ हलवला. वाटलं, स्टेशन सरकलं.

"बदलला," शेजारीण म्हणाली. "बदलला वो त्यो."

ज्याच्यासाठी मी सगळा रस्ता पालथा घातला, तो आदल्या रविवारी कार्यक्रम संपवून घरी गेला होता. एवढी वर्षं कितीतरी बोलणारे बदलताना बघितले, पण हा असा निसटेल, हे मनात आलं नव्हतं. बायको गेली तेव्हा मी ओरडलो नाही. त्या टेकाडावर मात्र मी आईमाईवरून ओरडलो. बाया खाली बघायला लागल्या.

शेजारणीनं विचारलं, "फोन बंद करू?"

"नको."

गाणं पहिलं आलं. फोन वाजला. रेडिओ खाली नेला. पोरगी म्हणाली, "अभिनंदन आजोबा! तुमचं गाणं पहिलं आलंय. कसं वाटतंय?"

"तुझ्या आधी जो बसायचा, तो कुठं गेला?"

"ते... ते आता इथं नसतात. आजोबा, गाणं कुणासाठी लावू?"

"सांगतो. मधे बटण दाबू नकोस."

"नाही दाबत," ती म्हणाली. आणि खरंच गप बसली.

साठवलेलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "माझ्या बायकोनं हितंच फोन केला होता. तिला नवऱ्याचं नाव इचारलं. आमच्याकडं नाव तसंच घेत न्हाईत, उखाण्यात घेत्यात. ती घेत होती. फणसाच्या झाडाला बांधली तार, रविवारच्या गाण्याला उघडं दार. हितं ती श्वास घ्यायला थांबली आणि हितं त्यानं फोन ठेवला. सगळ्यांना सांगितलं, हिला नाव आठवत न्हाई. तिला ठावं होतं. पुढच्या ओळीत माझं नाव होतं. ती ओळ तिनं मला बी सांगितली न्हाई. आता ती न्हाई. एवढं सगळ्यांनी ऐका. गिरणीतल्यांनी ऐका, कचेरीतल्यांनी ऐका."

पोरगी हळू म्हणाली, "मग हे गाणं आजींसाठी?"

"न्हाई. तिच्यासाठी मी घरी म्हणीन. हे त्याच्यासाठी लाव. तो कुठं असंल तिथं त्यानं सगळं ऐकावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"कोणासाठी म्हणून सांगू? त्यांचं नाव..."

मला त्याचं नाव पाठ होतं. दर रविवारी तो स्वतःच चारचारदा घ्यायचा. मी म्हटलं, "नाव मला आठवत न्हाई."

तिनंही घेतलं नाही. गाणं लावलं. शेजारीण जमिनीवर बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. बायकोचं गाणं पहिल्या नंबरावर पहिल्यांदाच वाजलं आणि ते त्या माणसाच्या नावानं गेलं. हे मला टोचलं. अजून टोचतं. पण सांगायचं ते सांगून झालं होतं. सोमवारी गिरणीत मी दळण घेऊन गेलो तर कुणी तोंड वर केलं नाही.

तो आता रामनगरकडं दुकानांच्या उद्घाटनाला, कबड्डीच्या सामन्याला माईकवर बोलतो म्हणे. ट्रॅक्सवाल्यानं सांगितलं. माझं ते बोलणं कुणीतरी फोनवर भरून ठेवलं होतं. ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेलं. सामन्यात पोरं त्याला ओरडून विचारतात, "नाव काय वो तुमचं?" हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं का सांगू, रात्रीची भाकर गोड लागली.

मग त्याचा निरोप आला. ट्रॅक्सवाला गाडीतून न उतरताच म्हणाला, "अज्जा, त्यो तुमच्या पाया पडायला येतो म्हणतोय. चूक झाली म्हणतोय. आणू का रविवारी?"

"पाया नको. हसला कुठं तो?"

"रेडिओवर."

"मग तिथं सांगू दे. चूक झाली म्हणून. तिचं नाव घेऊन."

"त्याला आता रेडिओवर कोण घेतंय अज्जा? काढलंय त्याला."

"ते त्यानं बघावं. घरी आला तर पाणी सुद्धा मिळणार न्हाई म्हणावं."

ट्रॅक्सवाल्यानं मान हलवली. "म्हातारपणी इतका डूख बरा न्हवं."

"तुझी बायको हाय न्हवं घरात?"

"हाय की."

"मग जा. गाडी काढ."

परवा परत निरोप आला, तोच. मी तेच सांगितलं, आणि वर एवढंच की रविवारी सकाळी मी कुठं जात नाही. रेडिओ चालू असतो.